आधी आपण सांगायचं

६ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी चौकशा. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, पोटात प्रश्न राहिला की मला जेवण जात नाही.

तू गेल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "भाचा दिसत नाही?" मी खरं तेच सांगते. कोर्टाने पाठवलाय, नशा सोडवायला. त्यावर समोरचा म्हणतो, "म्हणजे तुरुंगातच ना?" आणि तिथे माझी गाडी अडते, कारण मलाच ते नीट उमगलेलं नाही. कोर्टात मी मागच्या बाकावर होते, डोक्यावर पंखा खडखडत होता. न्यायाधीश बाई बोलल्या त्यातलं मला कळलं ते असं: लिफ्टच्या मोटारींतलं तांबं काढून विकलंस म्हणून तुला दोन वर्षं तुरुंग. पण ती शिक्षा बाजूला ठेवून आधी हे केंद्र. ते नीट पार पडलं तर एखाद्या नातेवाइकाच्या घरी राहायचं, काम करायचं, कोर्टात हजेरी लावायची. मध्ये घोटाळा केलास किंवा राहायला घर मिळालं नाही, तर ती दोन वर्षं आहेतच. बरोबर?

घराची काळजी करू नकोस. तुझ्या बापाने तुझं नाव टाकलंय, आणि दादा एकदा अडून बसला की देवालाही ऐकत नाही. पण माझी मागची खोली रिकामीच आहे. कापडाचे तागे हलवले की झालं. तू माझ्याकडेच यायचं.

आता प्रश्न. तुमच्या दाराला कुलूप आतून असतं की बाहेरून? स्वयंपाक कोण करतं? फोन काढून घेतला तो का? रडता का तुम्ही लोक, की त्यालाही वेळ ठरलेली असते?

मी बरी. एका नव्या हॉटेलच्या पडद्यांचं काम आलंय, खिडक्या आहेत की मैदानं. गुडघा कुरकुरतो, पण गोळी घेतली की मशीनवर पाय चालतो. काळजीचं काही नाही.

अनेक आशीर्वाद.
तुझी भोचक आत्या

१५ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार पोचला असं समज आणि बस. उत्तरं घे.

दाराला कुलूप नाही. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. मला वाटलं होतं भिंतीवर तारा असतील. इथे फाटकाशी एक म्हातारा वॉचमन आहे, तो बहुतेक वेळ वर्तमानपत्रातलं कोडं सोडवतो. कोणीही उठून जाऊ शकतो. गेला की तो कोर्टाला एक फोन करतो, एवढंच. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मी आयुष्यभर सोडवली. दार उघडं असून आत बसून राहिलेली माणसं पहिल्यांदाच बघतोय, त्यातला एक मी.

स्वयंपाक आम्हीच करतो, पाळीपाळीने. म्हणून जेवण वाईट असतं. फोन काढून घेतात कारण ज्याच्याकडून माल घ्यायचो त्याचा नंबर सगळ्यांना पाठ आहे. मलाही आहे. रडण्याला वेळ ठरलेली नाही, पण सकाळी सगळे गोल करून बसतो तेव्हा उरकून घेतात.

माझ्या खोलीत एक गृहस्थ आहेत, शाळेत भूगोल शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. घोरतात फार, पण माणूस सोन्यासारखा. आणि कोर्टाने नेमलेला एक देखरेख अधिकारी अधूनमधून येतो. इतका उंच आहे की दारात वाकतो. त्याला आम्ही लंबू म्हणतो, त्याच्या मागे. लघवीचा नमुना देताना तो समोर उभा राहून बघतो. तू विचारायच्या आत सांगितलं. हो, फार लाज वाटते. नाही, सवय होत नाही.

बाबांचं काही कळलं तर लिही. नाही कळलं तरी लिही.

खुडबुड्या

२२ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

समोर उभा राहून बघतो? अरे देवा. हे मी वाचलं तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, गिळल्या असत्या.

तुझ्या बापाला फोन केला. त्याने हवापाण्याचं विचारलं, तुझं विचारलं नाही. पण फोन ठेवताना म्हणाला, "पत्र आलं होतं का कुणाचं?" कुणाचं म्हणे. मी म्हटलं, वीजबिल आलंय. भोगू दे त्यालाही थोडं.

तुझ्या खोलीसाठी पडदा शिवायचा म्हणतेय. दोन कापडांचे तुकडे सोबत घालते, हिरवं की करडं ते कळव. जाड कापड घेणार, सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं तिथे.

आता मला एक समजावून सांग. तुझं सगळं सुरू झालं ते कमरेच्या दुखण्यापासून. लिफ्टच्या खड्ड्यात पडलास, डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या पुरेनाशा झाल्या आणि मग तू पावडरीकडे गेलास. एवढं मला माहीत आहे. मला मधलं हवंय. गोळी दुखण्यासाठी घेत होतास ती दुखण्यासाठी नाही हे तुला कधी कळलं? आणि सोडताना पहिला आठवडा कसा गेला? सिनेमात दाखवतात तसे लोक आरडाओरडा करतात का खरंच? नुसती उत्सुकता हो. माणसाला माहिती असलेली बरी.

अनेक आशीर्वाद.
आत्या

५ मार्च

आत्या,

करडं. पण तुकडे मला हातात मिळाले नाहीत. पाकीट आमच्यासमोर उघडतात आणि आत कापड असेल तर पाण्यात भिजवून बघतात, कारण काही महाभाग कापडात माल जिरवून पाठवतात. तुझे दोन्ही तुकडे बादलीत पोहत होते आणि लंबू गंभीरपणे बघत होता. मास्तर म्हणाले, "आत्याबाईंच्या हिरव्याचा रंग जातोय." म्हणून करडं.

पहिला आठवडा. आरडाओरडा नाही गं. फ्लू आल्यासारखं होतं, फक्त सगळ्या फ्लूंचा बाप. घाम, लगेच थंडी, नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, पाय अंथरुणात लाथा मारत राहतात. डॉक्टर औषध देतात, एकदम तोडत नाहीत, हळूहळू उतरवतात. अंगाचं मग सरतं. मनाचं मागे राहतं. जगात काही छान आहे यावर विश्वासच बसत नाही काही दिवस.

कधी कळलं म्हणतेस. कमर बरी झाल्यावर कळलं. सकाळी उठलो, वाकून बघितलं, काही दुखलं नाही, आणि मला वाईट वाटलं. आता गोळी कशासाठी घ्यायची, म्हणून. इतकी साधी गोष्ट, पण तेव्हा मी ती कुणाला सांगितली नाही.

आता कोर्टाची गंमत ऐक, तुला आवडेल. माझी पहिली हजेरी झाली. बाई उंच खुर्चीत असतात पण प्रत्येकाला जवळ बोलावतात, कसा आहेस विचारतात, आणि ज्याचं चांगलं चाललंय त्याच्यासाठी सगळं कोर्ट टाळ्या वाजवतं. कारकून, पोलीस, वकील, सगळे. मी तर वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. लंबूचा अहवाल वाचायच्या आधी बाई विचारतात, "तुम्हाला काही सांगायचंय?" तिथे चुकलेलं असेल ते आपण सांगायचं. आपण आधी सांगितलं तर शिक्षा हलकी, गोल करून बसायच्या आणखी चार बैठका, भांडी घासायला लावतात. अहवालातून निघालं तर सरळ आत. परवा मास्तरांनी सांगितलं की सुट्टीवर गेले तेव्हा एकदा घेतली. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. बाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." नंतर एकाने असंच लपवलं, अहवालात आलं, आणि त्याला तिथूनच बेड्या घालून नेलं. चूक दोघांची एकच होती. मी ते बघून हादरलोच.

आम्ही इथे याला म्हणतो, आधी आपण सांगायचं. आता चहा सांडला तरी लोक हात वर करतात.

खुडबुड्या

१४ मार्च

चि. खुडबुड्यास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टाळ्यांचं वाचून हसले, मास्तरांचं वाचून हसू गेलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की तो हिरवा रंग पक्का म्हणून दुकानदाराने मला गंडवलं.

अजून थोडं विचारते, वैतागू नकोस. समजा एखाद्याला डॉक्टरनेच गोळी लिहून दिली असेल. चोरीमारी नाही, पावडर नाही, रीतसर औषधाच्या दुकानातून आणलेली. घर चालतंय, काम चालतंय, कुणाचं काही बिघडत नाही. तर त्यालाही तुमच्यात धरतात का? आणि दुखणं खरंच असेल तर? दुखणं खरं आहे की गोळी मागण्यासाठी दुखतंय हे ओळखायचं कसं? तुमच्या डॉक्टरांना विचार की जरा. आणि वय झालेल्या माणसाला ते उतरवणं झेपतं का, तेही विचार.

पडद्याचं कापड आणलं. खोली झाडून घेतली, खाटेची फळी सुताराकडून बदलून घेतली. तागे आता माझ्या झोपायच्या खोलीत आहेत, मी कडेकडेने अंथरुणात शिरते.

दादा परवा येऊन गेला. तुझी खोली बघितली. खिडकीची कडी सैल होती ती पिळून घट्ट करून गेला.

आशीर्वाद.
आत्या

२१ मार्च

आत्या,

बाबांचं वाचलं. त्या कडीबद्दल लिहिलंस ते बरं केलंस.

पण तुला एक सरळ विचारतो. तुझी पत्रं एकत्र ठेवून वाचली. पहिला आठवडा कसा असतो, कळतं कसं, ओळखायचं कसं. तुला माझी भीती वाटते का? मी घरात आल्यावर खोटं बोललो तर तुला ओळखता यावं म्हणून विचारतेस का? तसं असेल तर मला राग नाही. तुझ्या जागी मीही तपासलं असतं. पण भीती वाटत असेल तर आत्ताच सांग, मी बाईंना सांगेन की घर नाही. ओढूनताणून मला घेऊ नकोस. तुरुंगात जाईन, पण तू स्वतःच्या घरात दचकून उठतेस हे मला चालणार नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळी कुणी लिहून दिली याच्याशी अंगाला घेणंदेणं नसतं. आणि वयाने काही अडत नाही, सावकाश उतरवतात. हे कुणासाठी विचारतेयस? शेजारच्या वकिलीणबाईंसाठी का? त्या नेहमी पेंगतच असतात.

महत्त्वाचं. लंबू तुझं घर बघायला येणार आहे. नशेचं काही नको, दारू नको, आणि मी खायचो त्या जातीच्या गोळ्या घरात कुणाच्याही नावाने नकोत. कपाटं उघडून बघतो, वाईट वाटून घेऊ नकोस. त्याचा शेरा चांगला आला तर पुढच्या हजेरीत माझी सुटका ठरेल.

खुडबुड्या

२९ मार्च

चि. खुडबुड्यास,

वेडा आहेस का तू? तुझी भीती? तू चड्डीत फिरायचास तेव्हापासून तुला ओळखते, पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसला होतास तेव्हापासून. तुझी मला कधीच भीती वाटलेली नाही, हे लिहून देते, पाहिजे तर कोर्टाला दाखव.

तुझा लंबू येऊन गेला. चांगला आहे रे, बूट बाहेर काढून आला. कपाटं बघितली, स्वयंपाकघर बघितलं, माझ्या सुया-दोऱ्यांचे डबेसुद्धा. तुझ्या खोलीत गेला तेव्हा पडद्याला हात लावून म्हणाला, "छान पडलाय." सगळं ठीक आहे म्हणाला, कागदावर सही करून गेला.

कामाची घाई आहे, जास्त लिहीत नाही.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

झालं. बाईंनी लंबूचा कागद वाचला, माझे सगळे नमुने स्वच्छ आहेत ते वाचलं, आणि म्हणाल्या, पुढच्या हजेरीच्या दिवशी इथूनच आत्याच्या घरी. टाळ्या वाजल्या. या वेळी मी वळून बघितलं नाही. पाणी मागून प्यायलो.

माझी खाट एका नव्या पोराला देऊन टाकलीय. त्या दिवशी सकाळी तो येणार, दुपारी मी जाणार. इथे खाटा कमी आणि रांग मोठी. मास्तर म्हणतात, आता तुझ्या नावाचा इथे एक चमचाही नाही.

लिफ्टच्या एका कंपनीत लंबूने शब्द टाकलाय. साधं तेलपाणी करायचं काम, एकट्याने नाही, दुसरा माणूस सोबत. चालेल मला. काहीही चालेल.

तुझं मागचं पत्र तुटक होतं. थकलीस का? पडदे ठेव बाजूला. मी आलो की मशीनला मोटर बसवून देतो, पाय चालवायला नको.

तुझा,
खुडबुड्या

१३ एप्रिल

चि. खुडबुड्यास,

बसून वाच.

वकिलीणबाई नाहीत. मी आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गोळ्या दिल्या होत्या, थोड्या दिवसांसाठी. गुडघा बरा झाला. मी थांबले नाही. एक डॉक्टर नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे गेले, आता तिसरा आहे, तो काही विचारत नाही. तुला जे प्रश्न विचारले ते सगळे माझे होते. तुझ्याकडून उत्तरं येत गेली आणि मी प्रत्येक वेळी म्हणत गेले, छे, माझं वेगळं आहे. तू तांबं विकलंस, मी पडदे शिवते. तुला वाटलं मला तुझी भीती वाटते. तिथेच सांगायला हवं होतं, पण तू घर नको म्हणशील असं वाटलं आणि जीभ रेटली नाही.

लंबू येणार म्हणून मी काय केलं ते ऐक. जाड पडद्याच्या खालच्या दुमडीत आम्ही वजनं घालतो, शिशाच्या चकत्या, म्हणजे पडदा सरळ पडतो. तुझ्या पडद्यात मी चकत्यांऐवजी गोळ्यांची पाकिटं घातली आणि दुमड शिवून टाकली. टाका असा की मलाच दिसत नव्हता. तो "छान पडलाय" म्हणाला तो त्याच पडद्याला. मला वाटलं जिंकले. त्याला दारापर्यंत पोचवलं, तो बूट घालत होता. जिन्यावर त्याचे पाय वाजत होते तेव्हा मी तुझ्या खोलीत जमिनीवर बसून दुमड उसवत होते. कात्री आणायलासुद्धा थांबले नाही, दातांनी दोरा तोडला. गुडघा दुखत नव्हता रे. मी खात्री करून बघितलं, पाय दाबून बघितला. जरासुद्धा दुखत नव्हता.

मग तिथेच बसून राहिले आणि रडले. हे सगळं मी तुझ्या खोलीत केलं.

मी पुढच्या हजेरीला कोर्टात येऊन सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

आत्या

१७ एप्रिल

आत्या,

सांगू नकोस.

हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण लिहितो. माझी खाट गेली. घर गेलं तर मला ठेवायला यांच्याकडे जागा नाही, आणि जागा नसली की तुरुंग. एकदा आत गेलो की कोण कधी बाहेर काढतं. थोडे दिवस थांब. मी घरी येतो, मग आपण दोघं मिळून तुझ्या डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत बसेन, पहिला आठवडा मी काढून देईन, मला त्यातलं सगळं येतं. कुणाला कळायची गरज नाही. घरातली पाकिटं फेकून दे, म्हणजे घरात काही नाही हे खरंच होईल.

आणि मला सांग, दिवसाला किती घेतेस? सकाळी उठल्याबरोबर की नंतर? चुकली तर जांभया येतात का, पाय झाडतेस का? एकटी असताना एकदम बंद करू नकोस, ऐक माझं. दादाला, म्हणजे बाबांना, रात्री सोबत बोलावून घे.

तुझ्या एकटीचा प्रश्न असता तर मीच म्हटलं असतं सांग. पण यात मी आहे. विचार कर.

खुडबुड्या

२८ एप्रिल

चि. खुडबुड्यास,

हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर लिहायची वेळ माझ्यामुळे आली. वाचलंस तर बरं, फाडलंस तर तुझा हक्क.

तू पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होतास म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते. बाईंनी तुला विचारलं, काही सांगायचंय? तू मान हलवलीस, नाही म्हणून. मी मागून उठले तेव्हा पोलीस मला बसवायला आला. मी म्हटलं, मला सांगायचंय. बाईंनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, दुमडीपासून दातांपर्यंत. लंबूचा चेहरा मला बघवला नाही. आपण माझ्याकडून फसलो असं त्याला वाटलं असणार.

बाई म्हणाल्या, "तुमच्यावर कसलाही आरोप नाही. माझा तुमच्यावर काही अधिकार चालत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच आले. माझ्या भाच्याला तारीख असते, त्याला कुणीतरी विचारतं. मला कोण विचारणार? मलाही तारीख द्या." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारकून लिहायचा थांबला. बाई म्हणाल्या, "तुमची नोंद मला करता येणार नाही. पण त्याच्या तारखेला पहिल्या बाकावर बसा. मी विचारीन."

मग तुझं ठरलं. केंद्रात खाट रिकामी होईपर्यंत तुरुंगात, मग पुन्हा केंद्रात, आणि मी गोळ्यांतून सुटल्याचं डॉक्टरने लिहून दिल्यावर माझ्या घरी. दोन वर्षं तशीच बाजूला आहेत, ती त्यांनी काढली नाहीत, कारण चूक तुझी नव्हती. हे तुला कळलं ना? तुला घेऊन गेले तेव्हा तू ऐकलंस की नाही, मला कळेना.

तुझं पत्र मिळालं होतं. थांबावं असं फार वाटलं. पण तू घरात आला असतास आणि संध्याकाळपर्यंत तुला त्या गोळ्या सापडल्या असत्या. फेकल्या असत्या तर मी नव्या आणल्या असत्या. मी स्वतःला आता ओळखते. तुला तुरुंगात पाठवलं त्याचं दुःख आहे, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उठेन.

मी दवाखान्यात जायला लागलेय. गोळी थोडी कमी केलीय. घाम, जांभया, पाय, सगळं तू लिहिलंस तसंच. दादा रोज येतो. काल त्याने माझ्यासाठी पेज केली, खारट. म्हणाला, "पोराला पत्ता काय लिहायचा?" मी लिहून दिलाय.

तू चिडलायस का? खरं सांग.

आत्या

६ मे

आत्या,

हो. चिडलोय.

पहिले दोन दिवस तुला मनातल्या मनात जे काही बोललो ते इथले लोकसुद्धा बोलत नाहीत. मी नियम पाळला, नमुने स्वच्छ दिले, आणि आत आलो तो तू खरं बोललीस म्हणून. इथे दाराला कुलूप बाहेरून आहे. तू विचारलं होतंस म्हणून सांगतो.

बाई मला काय म्हणाल्या ते मी ऐकलं होतं. पण मी मान हलवली ते तू बघितलंस ना? त्यांनी मला विचारलं आणि मी नाही म्हणालो. मला सगळं माहीत होतं आणि मी नाही म्हणालो. इतक्या महिन्यांत मी फक्त एकदा लपवलं, ते त्या दिवशी. पुढच्या हजेरीत ते मी सांगणार आहे. काय होईल ते होईल. भांडी तर भांडी.

बाबांचं पत्र आलं. चार ओळी आहेत, त्यातल्या दोन हवेबद्दल.

पायांना रात्री जास्त त्रास होत असेल तर गरम पाण्यात ठेव. मनाचं मागे राहतं ते लगेच जाणार नाही, घाबरू नकोस. काहीच छान वाटणार नाही काही दिवस, तरी उठून मशीनवर बस. कुठल्या दिवशी काय झालं ते मला लिहीत जा, वाईट असेल ते आधी लिही. इथे वेळच वेळ आहे.

राग उतरला की पत्र टाकावं असं ठरवलं होतं. उतरला नाही. तरी मला यायचंय ते तुझ्याकडेच.

खुडबुड्या